खिरापतीची इंग्रजी

आदिलाबादच्या बसस्टँडबाहेर पुन्हा कुरडूच्या फुलांचे ढीग लागले आहेत. शेजारी तरवडाची पिवळीधमक फुलं, ओल्या पोत्यावर पसरलेली. खेड्यांतून आलेल्या बाया ती बतुकम्मासाठी, इकडच्या तेलुगू लोकांच्या फुलांच्या सणासाठी, विकायला बसतात आणि घेणाऱ्या बाया उभ्याउभ्याच देठ मोडून पाहतात. मी मावल्याहून येणाऱ्या ऑटोतून उतरते. खांद्याला शाळेची पिशवी असते, घरी जायची घाई असते, तरी या ढिगांपाशी पाय थांबतोच. कुरडूला तसा वास नाही. वास येतो तो मोडलेल्या देठाचा, शेताच्या धुऱ्यावरच्या गवताचा, पोत्यातल्या ओलीचा. पाऊस सरलेला, थंडी अजून यायची, सोयाबीन कापून पडलेलं आणि कापसाची बोंडं नुकती उकलायला लागलेली, असे हे दिवस. आमच्या गावाकडे यांना भुलाबाईचे दिवस म्हणतात.

मी मावल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि सोबत बी.एड. करते. आमच्या घरात डिग्री आणणारी मी पहिली. हे मी सांगते, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. काळ्या गाऊनमधला माझा फोटो बाबांनी देवांच्या रांगेत टांगला आहे. आई म्हणते, "उदबत्ती लावू काय आता तुले?" पण त्या फोटोवरची धूळ रोज तीच पुसते.

तर बी.एड.च्या पेपरात परवा प्रश्न आला होता की शाळेतली मुलं परकी भाषा कशासाठी शिकतात. मी लिहिलं: नोकरीसाठी, पुढच्या शिक्षणासाठी, समाजात मान मिळावा म्हणून, जगाची ओळख व्हावी म्हणून. पुस्तकात होतं तसंच लिहिलं. खोटं काही नाही त्यात. पण हात पानावर होता आणि मी मात्र आठवीतली होऊन आमच्या अंगणात जाऊन बसले होते, मांडी घालून, एका बंद डब्याकडे बघत.

तिकडे पुण्याच्या बाजूला भोंडला असतो, हादगा असतो. पैनगंगेच्या या अंगाला आमची भुलाबाई. भादव्याच्या पुनवेला मातीचे भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, कोनाड्यात बसवायचे, ते कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी पोरींचा घोळका घराघरांत फिरणार, सासरची-माहेरची गाणी म्हणणार. गाणी आम्ही जरा पळवतच म्हणायचो, खरं सांगायचं तर. कारण गाण्यांनंतर खिरापत असायची. ज्या घरची पाळी, तिथली पोरगी झाकण लावलेला डबा घेऊन येणार आणि आमच्या कानाशी तो हलवून दाखवणार. आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर वाटून खायचं आणि पुढच्या घरी जायचं. नाही ओळखलं तर ती जिंकली. मग खाण्याआधी हरलेल्यांनी तिचं एक ऐकायचं. शैलाची खिरापत एकदा कोणालाच ओळखता आली नाही, तर त्या बयेनं आम्हांला कोंबड्यासारखं आरवत मारुतीच्या पारापर्यंत नेलं होतं. शैला माझी मैत्रीण. जीभ तिखट, पण ताटातलं अर्धं दुसऱ्याला देणारी.

त्या वर्षी आमच्या मागच्या दोन खोल्यांत नर्सबाई भाड्यानं राहायच्या. नाव सरोजा, पण गावानं ते कधी वापरलं नाही. तेलुगू घरातल्या, माहेर बेल्लमपल्लीचं. वडील कोळशाच्या खाणीत होते. नवरा लवकर गेला तेव्हा त्यांची लेक दोन वर्षांची होती. पुढे नोकरी लागली ती अशी, की आज या गावाला, उद्या त्या गावाला. म्हणून लेक आजीपाशी वाढली, खाणीच्या क्वार्टरात. पोळा झाल्यावर नर्सबाईंनी तिला पहिल्यांदाच आपल्याजवळ आणलं. आजीनं, म्हणजे तिच्या अम्मम्मानं, पाठवताना बजावलं होतं, "दसऱ्याला मी येते. रमली असेल तर राहील, नाही तर परत नेते. लेकरू म्हणजे काही बदलीचं सामान नाही." नर्सबाईंनी मान हलवली. दुसरं काय करणार होत्या? हा करार गावातल्या सगळ्यांना ठाऊक झाला, तशा गोष्टी होतातच.

लेक यायच्या आधी नर्सबाईंनी खोलीला चुना मारला होता. एक लहान खाट आणली होती. आणि भिंतीवर एक आरसा टांगला होता, तो इतका खाली की त्यांना स्वतःला बघायचं तर वाकावं लागे. आई तो आरसा बघून आली आणि आल्या आल्या माझी वेणी सोडून पुन्हा घालायला बसली.

लेकीचं नाव लावण्या. सहावीत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, कपाळावर बारीक टिकली. ती आईवर रागावलेली नव्हती. राग असता तर बरं झालं असतं, त्याला निदान बोलावं लागतं. ती परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी वागायची. ताट स्वतः धुवायची. पाणी स्वतः घ्यायची. आईला हाक मारायची वेळ आली की समोर जाऊन उभी राहायची, त्यांनी वर बघेपर्यंत. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली भिंत अर्धीच होती, वर पत्र्यापर्यंत मोकळी. पलीकडचं बोलणं आम्हांला ऐकू यायचं, आणि पलीकडे कोणी बोलत नसलं तर तेही.

"तिले घेऊन जा व भुलाबाईत," आई मला म्हणाली. "एकटीच खाटेवर बसून राह्यते पोट्टी."

नेलं. शैलाच्या घरी पाळी होती. गाणी झाली, डबा हलला, आरडाओरडा सुरू झाला. करंजी! शेव! लाडू! पापड्या! लावण्या कडेला बसून एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. शैलानं तिच्याकडे हनुवटी केली, "तू बी सांग नं व." लावण्यानं खाली बघत एक तेलुगू शब्द सांगितला. "काय म्हणे?" कोणीतरी तो शब्द वेडावून म्हटला आणि हसू फुटलं. तसं वाईट नव्हतं ते, पोरींचं हसू ते, कशालाही फुटतं. पण लावण्या उठली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच घरी गेली. मग शैलानं झाकण काढलं. आत चकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नळावर नर्सबाई आईला म्हणाल्या, "तिनं बरोबर सांगितलं होतं म्हणे, ताई. मुरुकुलु म्हणजे चकलीच." हसून म्हणाल्या. पण बादली भरून वाहत होती तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

आम्ही शाळेत तेलुगू शिकायचो की. शाळा एकच, अर्ध्या खोल्यांत मराठी माध्यम, अर्ध्यांत तेलुगू. पण आमच्या तेलुगूच्या पुस्तकात राजे होते, झाडं होती, मोर होता. चकली नव्हती. संध्याकाळी आमच्या ओट्यावर या विषयाची पंचायत बसली. आई सूप घेऊन सोयाबीन पाखडत होती.

"मंग आता तेलुगूत ओळखायचं काय आमी?" शैला म्हणाली. "रोज लावण्याच जिंकन मंग."

"आन् मराठीत खेळसान तं रोज तुमी जिंकसान," आई म्हणाली. "दोघीचीबी नाई अशी एखांदी भाषा घ्या नं."

"अशी कुठून आणू व मावशी?"

"ते शाळेत शिकता नं. ज्यात समद्याच नापास होता."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आईला तो टोमणा मारायचा होता, एवढंच. पण शैलाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते निघत नसे. मलाच दूत म्हणून मागच्या खोलीत पाठवलं. मी माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं की उद्यापासून खिरापत इंग्रजीत ओळखायची. लावण्यानं मला पहिल्यांदाच काही विचारलं, "एवरिकी रादा?" म्हणजे, कोणालाच येत नाही?

"कोणालाच नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा मोकळा झाला की बस. बी.एड.च्या पुस्तकात हे कारण मला अजून कुठे सापडलेलं नाही. मोठ्यांच्या जगात इंग्रजी ही कोणाची तरी असते, कोण्या साहेबाची, कोण्या शहरातल्या पोरांची, आणि आपण तिच्या दारात उभे. आमच्या अंगणात ती कोणाच्याच बापाची नव्हती. सगळ्या सारख्याच गरीब. त्या गरिबीत बसायला लावण्याला जागा झाली.

पहिलीच अडचण अशी आली की आमच्या खाऊला इंग्रजीत नावंच नाहीत. अनारशाला काय म्हणणार? कापण्यांना काय? तेव्हा नियम झाला की प्रश्न विचारत जायचं आणि डबेवालीनं फक्त येस, नो किंवा लिटल म्हणायचं. ओळखलं असं वाटलं की मग नाव आपापल्या भाषेत सांगायचं, ते एकमेकींना समजावून द्यायचं. झालं, सगळा खेळ प्रश्नांवर आला. आणि प्रश्न कुठून आणायचे? तळलेलं याला शब्द कोणालाच येत नव्हता. शैलानं छाती पुढे काढून विचारलं, "इज इट बॉर्न इन ऑइल?" तेलात जन्मलं काय! डबेवालीला लगेच कळलं, ती म्हणाली येस. तेव्हापासून आमच्या गावात जे जे तळलेलं ते ते तेलात जन्मलेलं. करंजीसाठी, पुरणपोळीसाठी वेगळा प्रश्न होता, "समबडी स्लीपिंग इनसाइड?" आत कोणी झोपलंय का? आज मी वर्गात हे चुकीचं म्हणून खोडीन बहुतेक. खोडायच्या आधी जरा थांबीन, एवढं मात्र खरं.

आमचे इंग्रजीचे सर दोन्ही माध्यमांना एकच. चांगले होते, कधी छडी उगारली नाही. ते धड्याची ओळ वाचायचे, आम्ही मागून म्हणायचो, आणि अर्थ लागलाच पाहिजे अशी सक्ती दोन्ही बाजूंनी नव्हती. त्या आठवड्यात धडा मध्येच थांबला, कारण शैला उभी राहिली.

"सर, खुसखुशीतले काय म्हणतात?"

"कशाला हवंय?"

"पायजे, सर."

"क्रिस्प."

"मंग कुरकुरीतले?"

"तेही क्रिस्पच."

"दोन्हीले एकच कसं, सर? करंजी खुसखुशीत राह्यते, चकली कुरकुरीत राह्यते. एकच कसं होईन?"

सरांनी दोन्ही शब्द वहीत टिपून घेतले. दुसऱ्या दिवशी ते घरून जाडजूड शब्दकोश घेऊन आले, फडक्यात बांधून. आम्ही त्यावर तुटून पडलो: चिकट, भुरभुरीत, आंबट, खमंग. खमंग शेवटपर्यंत मिळाला नाही. सर हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांत या वर्गानं मला पहिल्यांदा काही मागितलं." आम्हांला ते ऐकायला वेळ नव्हता, संध्याकाळी पाळी होती. आता मी स्वतः फळ्यापाशी उभी राहते, समोरची पोरं मान हलवतात, आणि सरांचं ते वाक्य मला मागच्या बाकावरून ऐकू येतं.

पण खरी गोष्ट घडली ती अर्ध्या भिंतीपलीकडे.

एका संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती, मी ताटं पुसत होते. पलीकडे नर्सबाई ड्युटीवरून नुकत्याच आलेल्या. भांड्यांचा आवाज चालू होता. आणि मध्येच लावण्याचा आवाज आला. तेलुगूत, घसा साफ करून. भाजलेल्याला इंग्रजीत काय म्हणतात, असं ती विचारत होती.

पलीकडची भांडी थांबली.

"रोस्टेड," नर्सबाई म्हणाल्या.

"उकडलेल्याला?"

"बॉइल्ड."

"वाफवलेल्याला?"

"स्टीम्ड." आवाज असा होता, जसं हातावर पाखरू बसलंय आणि हलायचं नाही. "अजून?"

इकडे आईच्या हातातली भाकरी अर्धीच थापलेली राहिली. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, ना तेलुगू ना इंग्रजी. तिनं पिठाचं बोट ओठांवर ठेवून मला गप्प बसवलं.

लावण्याला शब्द हवे होते आणि शब्द तिच्या आईपाशी होते. इतकी साधी गोष्ट. नर्सबाईंचं सगळं ट्रेनिंग इंग्रजीत झालेलं, गोळ्यांवरची नावं, तक्ते, साहेबांचे हुकूम, सगळं त्यांना वाचता यायचं. मग रोजच सुरू झालं. नर्सबाई लस टोचून, चार वस्त्या पालथ्या घालून यायच्या, आणि दारात लेक उभी असायची, बोटांवर शब्द मोजत. चप्पल काढायच्या आधी त्यांना दोन-तीन द्यावेच लागत. मध्येच कधीतरी ती त्यांना अम्मा म्हणू लागली. कोणत्या दिवशी, ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात नाही. आम्ही सगळे शब्द मोजत होतो आणि तोच तेवढा सुटला.

अर्थात नर्सबाईंची इंग्रजी दवाखान्याची. लावण्या अंगणात जे प्रश्न घेऊन आली त्यांनी आम्ही गारद झालो. शैलाच्या डब्यापुढे तिनं गंभीरपणे विचारलं, "एनी स्वेलिंग?"

"हे काय असते व?" शैला म्हणाली.

लावण्यानं दोन्ही गाल फुगवले. सूज! आत भजी होती, टम्म फुगलेली. शैला ओरडली, "येस! लय स्वेलिंग!" हसून हसून आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो. आणि या वेळी लावण्या सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. तिखट चिवड्याला तिनं "पेनफुल?" असंही विचारलं होतं, आणि डबेवालीनं विचार करून सांगितलं होतं, "लिटल."

नवरात्र बसायच्या सुमाराला शाळेला दसऱ्याची सुटी लागली. आम्ही धुऱ्याधुऱ्यानं कुरडू आणि तरवड तोडत फिरलो. लावण्यानं फुलांची एकावर एक वर्तुळं रचून बतुकम्मा कशी उभी करायची ते दाखवलं. शैलाचा मनोरा दर वेळी कलंडायचा आणि ती फुलांना शिव्या द्यायची. त्या आठवड्यात आमच्या अंगणात बतुकम्मा आणि भुलाबाई शेजारीशेजारी होत्या. त्यांची गाणी आम्ही नुसत्या टाळ्यांनी म्हटली, आमची गाणी लावण्या शब्द अर्धे गिळून म्हणायची. भांडण झालं की मात्र दोन्हीकडून इंग्रजी यायची. "यू चीटिंग!" "यू बॉर्न इन ऑइल!"

आसपासच्या खेड्यांतले शेतकरी पालक शाळेत येतात, तेव्हा मला म्हणतात, "मॅडम, पोरीला फाडफाड इंग्रजी आली पायजे, नोकरी लागन." मी त्यांना हसत नाही. नोकरीनं काय होतं ते माझ्या घरानं बघितलं आहे, आणि पोटाचं कारण हलकं म्हणणाऱ्याचा मला रागच येतो. पण सहावीतल्या पोरीला नोकरी दिसत नाही. ती फार दूर, डोंगराच्या पलीकडे असते. तिला दिसतं ते आज संध्याकाळचं: कोणाशी तरी बोलायचंय, कोणाच्या तरी मांडीला मांडी लावून बसायचंय, आणि मध्ये एक शब्द अडलाय. तो शब्द मिळवायला ती कोणाच्याही दारात जाईल. ज्या दारात जायची तिला भीती वाटते, तिथेही.

दसऱ्याच्या सकाळी अम्मम्मा आल्या. बेल्लमपल्लीहून बस बदलत बदलत, एका हातात सीताफळांची पिशवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लावण्या रस्त्यापर्यंत धावत गेली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून जी बोलत सुटली, ती थांबेचना. पोळ्यापासून साठलेलं सगळं. नर्सबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. हसत होत्या. पण मी त्यांचा हात बघितला, दाराची कडी घट्ट धरलेला. संध्याकाळी शमीची पानं वाटून झाली. त्यानंतर मी सीताफळांची रिकामी पिशवी परत द्यायला मागे गेले तेव्हा नर्सबाई खाटेवर लेकीच्या फ्रॉकांच्या घड्या घालून पिशवीत ठेवत होत्या. लाल रिबिनी सगळ्यांत वर. दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. त्यांनी लेकीला काही विचारलं नव्हतं. "विचारलं तर ती माझं तोंड बघून उत्तर देईल," त्या आईला म्हणाल्या. "तसं नको, ताई."

इकडे एक गोष्ट मोठ्यांपैकी कोणाच्याच लक्षात नव्हती. सगळ्या घरांच्या पाळ्या झाल्या होत्या, आणि लावण्याची पाळी दुसऱ्याच दिवशी होती. संध्याकाळी.

सकाळी तिनं आपल्या आईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार आतून लावून घेतलं. अम्मम्मा आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना वाटलं, बसमध्ये खायला काही करताहेत. त्यांनी हाक मारली, "काय करता गं आत?"

"सांगायचं नाही," आतून नर्सबाईंचा आवाज आला. "सांगितलं तर खेळ मोडतो." आणि मग दोघींचं दबलेलं हसू, एकीचं कुठलं आणि दुसरीचं कुठलं ते कळू नये असं.

अम्मम्मा त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. या पोरीचं त्यांच्यापासून लपलेलं असं आजवर काही नव्हतं. दातदुखी, शाळेतली भांडणं, परीक्षेची भीती, सगळं आधी त्यांच्या पदरात यायचं. दुपारी रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. त्या उठल्या नाहीत. मीच म्हटलं, "अम्मम्मा, बस." त्यांनी मला हातानंच थांबवलं.

संध्याकाळी आम्ही ओळीनं बसलो. अम्मम्माही गुडघे धरत येऊन माझ्या शेजारी बसल्या, ओळखणाऱ्यांच्या बाजूला. लावण्या डबा घेऊन आली, मागे नर्सबाई. ड्युटीची साडी नव्हती, कधी नव्हे ती केसांत झेंडूचं फूल होतं. डबा हलला.

"बॉर्न इन ऑइल?" "लिटल." "एनी स्वेलिंग?" "नो." "समबडी स्लीपिंग इनसाइड?" लावण्याचे डोळे चमकले. "येस! मेनी पीपल!" आम्ही चक्रावलो. आत पुष्कळ जण झोपलेले आणि फुगलेलं नाही, असं काय असतं?

तेवढ्यात अम्मम्मा माझ्या कानाशी वाकल्या. "सर्वपिंडी," त्या पुटपुटल्या. पुढे हातानं दाखवलं, तांदळाचं पीठ, शेंगदाणे, तीळ, मिरची, सगळं मळून गोल भांड्याला आतून थापायचं. सकाळपासून त्यांना वास येत होता. तो त्यांच्याच घरचा पदार्थ, आयुष्यभर त्यांनीच केलेला. त्यांना न ओळखता येईल कसा? मी ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा दंड दाबला आणि नकारार्थी मान हलवली. मग मोठ्यानं विचारलं, मिठाईच्या दुकानातून शिकलेला एकच शब्द घेऊन, "स्वीट?"

"नो, अम्मम्मा."

"लड्डू?"

"आजी, स्वीट नाई म्हणे नं ते!" शैला कळवळून ओरडली.

"जिलेबी?" अम्मम्मांनी भोळा चेहरा करून विचारलं. पोरी लोळायला लागल्या. लावण्या डबा पोटाशी धरून आनंदानं नाचत होती. अम्मम्मांनी दोन्ही हात वर केले. हरले, बाई.

झाकण उघडलं. आम्ही सगळ्या हरलो होतो, तेव्हा लावण्याचं ऐकणं आलं. शैला तर आरवायच्या तयारीनं उभीच राहिली. पण लावण्या आमच्याकडे बघतच नव्हती. ती अम्मम्मांपुढे जाऊन उभी राहिली आणि एकेक शब्द वेचत म्हणाली, "अम्मम्मा. आय हियर. यू... कम... दीपावली."

अम्मम्मांना इंग्रजी कळत नव्हती. त्यांनी आपल्या लेकीकडे, नर्सबाईंकडे, बघितलं, काय म्हणते ही? नर्सबाईंच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते छातीशी धरून त्या लावण्याकडेच बघत होत्या. शेवटी मीच सांगितलं, माझ्या मोडक्या तेलुगूत: ती इथेच राहते म्हणते. तुम्ही दिवाळीला या.

अम्मम्मांनी नातीच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "सरे," त्या म्हणाल्या. बरं. मग डब्यातला एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून नीट चावला, आणि आपल्या लेकीकडे वळून म्हणाल्या, "मीठ कमी पडलं गं, सरोजा. पुढच्या खेपेला आधी पीठ चाखून बघ."